पाटावर कोण बसली

किंजलनं आपलं पहिलं पुस्तक कंपनीच्या झेरॉक्स मशीनवर काढलं. पकडली गेली असती तर तिच्याबरोबर माझीही नोकरी गेली असती, कारण दारात पहारा मी देत होते. पुस्तक म्हणजे काय, तर आठ पानं, मधोमध दोऱ्यानं शिवलेली. किंजल समुद्रकाठच्या मुरबे गावची. तिची आजी बोंबील वाळत घालते आणि दिवसभर कावळ्यांना शिव्या घालते. त्या शिव्या किंजलनं चित्रांसकट लिहून काढल्या होत्या. चाळीस प्रती. आमच्या पॅकिंग डिपार्टमेंटमधल्या बायका जेवणाच्या सुट्टीत त्या वाचून इतक्या हसल्या की सुपरवायझर बघायला आला.

मी हसले नाही. मला राग आला, आणि तो किंजलचा नव्हता. आम्ही दोघी एकाच लाइनवर गोळ्यांच्या पट्ट्या तपासतो, एकाच रिक्षानं बोईसर स्टेशनपर्यंत येतो, आणि या बयेनं घरातली आजी उचलून कागदावर आणली होती. माझ्या पाड्यावर काय कमी होतं? आम्हा वारल्यांचं नाव काढलं की लोकांना भिंतीवरची चित्रं आठवतात. "तू पण काढतेस का गं, सपना?" असं कोणी ना कोणी विचारतंच. मला सरळ रेघ ओढता येत नाही. पण आमच्याकडे गाणं आहे आणि ते कोणी विचारत नाही.

अशी घरगुती पुस्तकं काढणारे इंटरनेटवर एकमेकांशी अदलाबदल करतात; तसं त्या चाळीस प्रतींमधली एक किंजलनं स्कॉटलंडच्या कुठल्याशा बेटावर पाठवली. तिथं मोराग नावाची एक बाई स्वयंपाकघरात बसून कॅसेट काढते. होय, कॅसेट. गावातल्या बायकांची गाणी टिपते, वर्षाला शंभर कॅसेट भरते आणि टपालानं पाठवते. किंजलच्या शिव्यांच्या बदल्यात तिनं एक कॅसेट पाठवली, लोकरीच्या पिशवीत घालून. किंजलच्या काकाकडे जुना टेपरेकॉर्डर होता. त्याच्यावर आम्ही ती ऐकली. बायका लोकरीचं ओलं कापड टेबलावर दणादण आपटत होत्या आणि एकीनं म्हटलं की बाकीच्या उचलत होत्या. भाषा कळत नव्हती. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की या गाण्यांत मध्येच जागा ठेवलेली असते, तिथं समोर बसलेल्या मुलीचं नाव घालतात.

"अगं, हे तर आमच्याकडंही!" मी ओरडले. काका दचकला.

चिठ्ठीच्या शेवटी मोरागनं लिहिलं होतं की दरवर्षी ती बेटाबाहेरच्या एका घरातलं एक गाणं मागवते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण, मे महिन्याच्या अखेरीपर्यंत टपालात टाकलेलं. परतताना रिक्षातच मी ठरवलं की यंदाचं गाणं आमच्या पाड्यावरून जाणार. ओव्हरटाइम करून एक छोटा रेकॉर्डर घेतला, जुनाच, आणि कामाला लागले.

आमचा पाडा बेटेगावच्या मागे, कालव्याच्या पलीकडे. आमच्यात लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते. ती गाते आणि तिच्या गाण्यानं लग्न लागतं. आमची धवलेरी पारू आजी. आसपासच्या सात पाड्यांतली लग्नं तिनं लावलीत. पण हल्ली लग्नात डीजे असतो. पारू आजी गात असते, पण तिचं तोंड हललेलं तेवढं दिसतं. मी दोन लग्नांत रेकॉर्डर घेऊन बसले. घरी येऊन लावलं तर दोन्हीकडे नुसता धडाम धडाम. मग मी म्हटलं, आजीलाच घरी आणू.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी तिला आमच्या ओटीवर बसवलं. कोरा चहा दिला. आई दारात नाचणी पाखडत होती. पारू आजीनं डोळे मिटले, आधी देवांची नावं घेतली, मग उंबराच्या मांडवाचं गायली, मग म्हणाली,

"पाटावर कोण बसली, बाय, पाटावर कोण बसली..."

आणि थांबली.

"काय झालं?" मी विचारलं.

"नाव बोल."

"कोणाचं?"

"नवरीचं. नवरीबिगर गाणं पुढं कसं जाईल?"

"माझं घाल."

आजीनं दोन्ही कानांना हात लावले. "कुवारणीचं नाव घालू? नवरा नाय, मांडव नाय, आन तुझं अर्धं लगीन लावून ठेवू?"

"मग आईचं घाल. तिचं तर झालंय लगीन."

सुपाचा आवाज थांबला. माझं तिकडं लक्षच नव्हतं. मी रेकॉर्डरच्या बॅटरीकडे बघत होते, दिवा लाल झाला होता.

"घालू?" आजीनं विचारलं, पण माझ्याकडे बघून नाही. "एकदा घातलं का परत काढता येत नाय हां."

"घाल ना आजी, बॅटरी संपतेय!"

"हिरा बसली पाटावर, बाय, हिरा बसली पाटावर."

आई सूप खाली ठेवून घराच्या मागे निघून गेली. पारू आजीनं राहिलेला चहा संपवला, पदर झटकला आणि उठली. "आता पुढचं लगीन लागंल तवा," म्हणाली आणि आपल्या वाटेनं चालू लागली.

संध्याकाळी बाबा शेतावरून आले. मी झालेलं सांगितल्यावर आधी मोठ्यानं हसले, मग हसायचे थांबले.

"आमचं लगीन कुठं झालंय?" ते म्हणाले.

मी सहा वर्षांची असताना आश्रमशाळेत गेले, तिथून बारावी, तिथून बोईसरची खोली; ती सोडून पाड्यावर राहायला आले ती यंदाच. त्यामुळे पाड्यावरच्या शेळीलाही ठाऊक असलेली गोष्ट मला सत्ताविसाव्या वर्षी कळली. आई बाबांच्या घरात आली, नांदायला लागली. आमच्यात असं चालतं. लग्न मागाहून, जमेल तेव्हा. त्यात कमीपणा नाही. पहिल्या वर्षी बाबांची आई गेली, दुसऱ्या वर्षी मी झाले, मग वीटभट्टी. भट्टीवरून परत येईपर्यंत पावसाळा तोंडावर. दरवर्षी पुढच्या वर्षी म्हणत म्हणत अठ्ठावीस वर्षं झाली.

"ज्या नांदत्या बाईचं लगीन लागलं नाय, तिनं दुसऱ्या नवरीला हळद लावायची नसते," बाबा म्हणाले. "म्हणून ती चुलीकडं असते."

पाड्यावरच्या प्रत्येक लग्नात आई चुलीपाशी असायची. भाताची मोठी टोपं उतरवायची, धुरानं डोळे लाल. मला वाटायचं, आईला स्वयंपाक आवडतो. मी तसं चारचौघांत बोललेही होते, कौतुकानं. आता तर मी धवलेरीकडून तिचं नाव उघड्या ओटीवर गाऊन घेतलं होतं, आणि भिंतीपलीकडच्या घरांनी ते ऐकलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी रेकॉर्डर काढला आणि ते सगळं पुसून टाकलं. देवांच्या नावांपासून आईच्या नावापर्यंत.

आई माझ्याशी नऊ दिवस बोलली नाही. ताट वाढायची, पाणी द्यायची, पण तोंड उघडायची नाही. किंजलनं विचारलं, "दुसरं काहीतरी टिपू या का? भात लावतानाचं गाणं?" मी नाही म्हटलं. मला आता गाण्याचं काही पडलं नव्हतं. मला आईचा आवाज हवा होता, शिवी दिली तरी चालली असती.

दहाव्या दिवशी मी सुट्टी टाकली. सकाळी आई मोहाची फुलं वेचायला निघाली, तशी मीही टोपली घेऊन मागं गेले. झाडाखाली पिवळट फुलांचा सडा पडलेला. ती एका बाजूनं वेचत होती, मी दुसऱ्या बाजूनं. माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे बराच वेळ नुसतीच वेचत राहिले.

"आई," शेवटी म्हटलं, "ते मी कुठं पाठवलं नाय. तुझं नाव होतं ते सगळं पुसून टाकलं. कोणी नाय ऐकणार."

तिचा हात थांबला.

"पुसलंस?"

"हो."

"का पुसलंस?"

"तुला लाज वाटली म्हणून."

"मी बोलले का तुला, मला लाज वाटली?" टोपली एवढ्या जोरात आपटली की अर्धी फुलं सांडली. "अठ्ठावीस वर्सं दुसऱ्यांची नावं ऐकली चुलीकडून. पहिल्यांदा माझं नाव कोणी गाण्यात घातलं. मी मागं जाऊन रडत होते, मला वाटलं पोरीनं ते मशीनमदी ठेवलंय, कवातरी गुपचूप ऐकवंल. आन तू पुसलंस?"

मी खाली मान घालून सांडलेली फुलं भरत राहिले. मला स्वतःचा इतका संताप कधी आला नव्हता.

"मग नऊ दिवस बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस का कायी?"

ते खरं होतं. मी मूग गिळून बसले होते आणि रुसल्याचं खापर तिच्या माथी फोडत होते.

"पुसलेलं परत येत नाय," मी म्हटलं. "परत गाऊन घ्यायला पायजे. आन पारू आजी लगीन लागल्याबिगर गाणार नाय."

आईनं पदरानं तोंड पुसलं, टोपली कडेवर घेतली.

"मग लाव," ती म्हणाली.

मे महिन्याचा दुसरा आठवडा ठरला. पारू आजीला सांगायला गेले तर ती आधीच तांदूळ निवडून बसली होती.

"आजी, तुला ठाऊक होतं ना?"

"मला ठाऊक नसंल तर कोणाला? तुझ्या आयनं मला मान हलवून सांगितलं, घाल म्हणून. तू त्या दिव्याकडं बघत होतीस."

मग तिनं अटी घातल्या. डीजे नाही. मांडव उंबराचाच. आणि एक खास. पाटावर कोण बसली, असं धवलेरी तीनदा विचारते, आणि उत्तर नवरीच्या माहेरच्या बाईनं द्यायचं असतं. दुसऱ्या कोणी दिलं तर चालत नाही. तीनदा विचारून कोणी बोललं नाही, तर धवलेरी नाव सोडून पुढचं गाणं घेते. लग्न लागतं, पण बिननावाचं.

"त्या दिवशी ओटीवर मीच विचारलं, मीच बोलले. ते गंमतीतलं," आजी म्हणाली. "मांडवात तसं चालणार नाय. हिराच्या बाजूनं कोण बोलंल?"

आईचे आईवडील केव्हाच गेलेले, भाऊ नाही. एक बहीण, उंबरगावला चिकूच्या वाडीत कामाला, सहा वर्षांत आलेली नाही. मी मावशीला फोन केला, एकदा नाही, पाच वेळा. पाचव्यांदा ती म्हणाली, "येते गं बाय, येते. आदल्या दिवशी येते." तेवढ्यावर आई तीन दिवस गुणगुणत होती.

डीजेचं प्रकरण जड गेलं. माझा चुलतभाऊ मेहुल पाड्याचा डीजेवाला. "काकीचं लगीन आन मी बॉक्स लावणार नाय? लोक काय बोलतील?" दोन दिवस तो फुगून बसला. तिसऱ्या दिवशी मी त्याला हेडफोन घालून मोरागची कॅसेट ऐकवली. त्यातलं ते कापडाचं दणादण ऐकून तो म्हणाला, "हे बेसला भारी हाय," आणि निदान हळद होईस्तोवर बॉक्स बंद ठेवायला तयार झाला. तरी माझा भरवसा नव्हता. मुरब्याहून आलेल्या किंजलला मी बॉक्सच्या वायरीपाशीच बसवलं.

आदल्या दिवशी मावशी आली नाही. सकाळच्या गाडीनंही आली नाही. तिचा फोन बंद होता. आईनं एकदाच विचारलं, "आली?" मी म्हटलं, "येईल." ती लुगडं नेसायला आत गेली.

हळदीला दोन पाट मांडले. एकावर बाबा, हसू आवरत नव्हतं त्यांचं. दुसऱ्यावर आई, पिवळ्या लुगड्यात, अंग चोरून. पन्नास-साठ माणसं असतील. मी समोर उलट्या टोपलीवर रेकॉर्डर ठेवून, हेडफोन लावून बसले. सगळ्यांना दहा वेळा बजावलं होतं की गाणं चालू असताना कोणी बोलायचं नाही, खोकायचं नाही, पोरांना मांडवाबाहेर ठेवायचं. कंपनीत सुपरवायझर आमच्यावर करतो त्यापेक्षा जास्त दादागिरी मी त्या सकाळी केली.

पारू आजीनं सूर लावला. हेडफोनमध्ये तिचा आवाज इतका जवळ आला की जणू ती माझ्या कानातच गात होती. देव झाले, मांडव झाला. मग तिनं विचारलं,

"पाटावर कोण बसली, बाय, पाटावर कोण बसली?"

कोणी बोललं नाही.

हेडफोनमध्ये सगळं मोठं होऊन ऐकू येतं. दूर कोंबडी ओरडली. कोणाचं तरी पोर कुरकुरलं. आईच्या नव्या बांगड्या एकमेकींवर घासल्या. पाड्यावरच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. त्यांच्या मनात होतं, पण त्यातली एकही आईच्या माहेरची नव्हती.

"पाटावर कोण बसली, बाय, पाटावर कोण बसली?"

आईनं मान खाली घातली. पायाच्या अंगठ्यानं ती सारवलेली जमीन उकरत होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता, आणि तो रडण्याआधीचा होता. बाबांच्या तोंडावरचं हसू गेलं. मला कळलं की ही बाई इतकी वर्षं लोकांच्या हसण्याला घाबरत नव्हती. ती या घटकेला घाबरत होती. विचारतील आणि आपल्या बाजूनं कोणी बोलणार नाही, याला.

तिसऱ्यांदा विचारताना पारू आजीनं सूर लांबवला, जमेल तेवढा लांबवला. म्हातारीचा दम पुरत नव्हता तरी सोडला नाही.

माइक माझ्या तोंडापासून वीतभर होता. आईचं नाव मी जन्मात कधी घेतलं नव्हतं.

"हिरा बसली पाटावर!" मी ओरडले. सूर नाही, ताल नाही. "हिरा बसली पाटावर, बाय, हिरा बसली पाटावर!"

"ए, तू कशी बोलतेस?" मागून एक म्हातारी खेकसली. "तू तर जानूची पोर. नवऱ्याकडची."

मी हेडफोन काढून उभी राहिले. "मी तिच्या पोटची हाय," मी म्हटलं. "याच्यापेक्षा जवळचं म्हायेर कुठून आणू?"

म्हातारी पारू आजीकडे बघायला लागली. सगळाच मांडव तिच्याकडे बघायला लागला. सात पाड्यांची धवलेरी होती ती, तिचा शब्द शेवटचा. पारू आजीनं वाद घातला नाही. तिनं हळदीची वाटी उचलली आणि पुढची ओळ घेतली, "हिराला हळद कोण लावी, बाय?" आणि माझ्याकडे बघत थांबली.

त्यानंतर तासभर प्रत्येक ओळीला मी उत्तर दिलं. शब्द चुकले, तेव्हा आजीनं कोपरानं ढोसून सांगितले. रडत होते, गात होते, नाक ओढत होते. आई आता मान वर करून बसली होती. आपलं नाव आलं की प्रत्येक वेळी ती बाबांकडे न बघता माझ्याकडे बघायची.

मेच्या एकोणतीस तारखेला किंजल आणि मी तिच्या काकाच्या घरी कॅसेट भरायला बसलो. आईही आली होती, मुरब्याला पहिल्यांदाच. टेपवर माझ्या ओरडण्याची जागा आली. माझा आवाज माइकवर फुटला होता, पार चिरफाळला होता. मागून म्हातारीचं भांडण, माझं उत्तर, कोंबडी, सगळं जसंच्या तसं.

"बाकीचं इतकं छान आलंय," किंजल म्हणाली. "एवढंच काप. अर्धं मिनिटसुद्धा नाही."

"एकदा पुसलंय मी," मी म्हटलं. "आता एक अक्षर जाणार नाही."

आईनं हेडफोन मागितले. दोन्ही हातांनी कानावर दाबून धरले, डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर म्हणाली, "केवढ्यानं वरडलीस गं." मग थोड्या वेळानं, "परत लाव."

चार वेळा ऐकून ती किंजलच्या आजीकडे बोंबील बघायला गेली. किंजलनं कॅसेटच्या कागदावर नावं लिहायला घेतली. गाणारी, पारू. नवरा, जानू. नवरी, हिरा. मग पेन थांबवून तिनं माझ्याकडे बघितलं.

"आणि तुझं काय लिहू? ध्वनिमुद्रण?"

"नको," मी म्हटलं. "लिही, माहेर, सपना."